नांदावयास येण्याचा दावा: रखमाबाई खटल्यापासून वांद्र्याच्या कुटुंबन्यायालयापर्यंत

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांतील पतिपत्नींचे तंटे वांद्रे येथील कुटुंबन्यायालयापुढे चालतात. तेथील अर्जांपैकी एका प्रकारास कायद्याच्या परिभाषेत ‘वैवाहिक हक्कांचे पुनःस्थापन’ असे नाव असून लोकव्यवहारात त्यास नांदावयास येण्याचा दावा म्हणतात. हिंदु विवाह अधिनियम, १९५५ याचे नववे कलम हा त्याचा आधार होय. पती अथवा पत्नी वाजवी कारणावाचून दुसऱ्याच्या सहवासातून निघून गेल्यास त्या दुसऱ्या पक्षास हा अर्ज करता येतो. वरवर पाहता मोडू लागलेला संसार सांधण्याचा हा उपाय आहे. त्याचा इतिहास पाहू गेल्यास मात्र दोन गोष्टी ध्यानात येतात. हा उपाय मूळचा एतद्देशीय नव्हे. आणि ज्या हेतूने तो राखला गेला, त्याच्या नेमक्या उलट कामीही तो येऊ लागला आहे.

इंग्लंडातील ख्रिस्ती धर्मन्यायालये या उपायाचे जन्मस्थान होत. विवाहबंधन अविच्छेद्य मानणाऱ्या त्या न्यायालयांस, घर सोडून गेलेल्या पक्षास परत जाण्याचा हुकूम करणे हाच सरळ मार्ग वाटत असे. हिंदुस्थानात हा उपाय एकाएकी रुजला नाही. १८५६ मध्ये मुंबईच्या एका पारशी दांपत्याच्या खटल्यात, सुप्रीम कोर्टाच्या धर्मविषयक शाखेस असा दावा चालविण्याचा अधिकार नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने ठरविले. परंतु १८६७ मध्ये त्याच कौन्सिलने मुसलमान पतीस दिवाणी न्यायालयात असा दावा आणता येतो असे मान्य केले, आणि इंग्रजी उपाय येथील दिवाणी न्यायालयांत स्थिर झाला.

या उपायाची खरी कसोटी लागली ती रखमाबाईंच्या खटल्यात. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु त्या सासरी न जाता सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच वाढल्या व शिकल्या. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. हिंदु कायद्यात अशा दाव्यास आधार नाही. शिवाय हे दांपत्य कधी एकत्र राहिलेच नाही, तेव्हा येथे ‘पुनः’स्थापन कसले, अशी त्यांची विचारसरणी होती. अपिलात मुख्य न्यायमूर्ती सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी १८८६ मध्ये हा निकाल फिरविला. विधीने विवाह पूर्ण होतो व त्यातून सहवासाचे कर्तव्य उत्पन्न होते, हा त्यांचा आधार. खटला परत आल्यावर न्यायमूर्ती फॅरन यांनी ४ मार्च १८८७ रोजी रखमाबाईंनी एक महिन्याच्या आत पतीकडे जावे, न गेल्यास सहा महिने कैद भोगावी, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली.

ज्या इंग्लंडातून हा उपाय आला, तेथे हुकूम न पाळल्याबद्दलची कैद १८८४ मध्येच रद्द झाली होती, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. वादात मलबारी रखमाबाईंच्या बाजूस, तर टिळकांचा ‘केसरी’ विरुद्ध बाजूस होता. अखेरीस १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. रखमाबाई इंग्लंडला गेल्या व डॉक्टर होऊन परतल्या. कायद्याचा प्रश्न मात्र तडजोडीने सुटला नाही. तो केवळ टळला.

पुढे १९२३ च्या दुरुस्तीने अशा हुकूमनाम्यासाठी कैद करण्याची तरतूद गेली. मालमत्तेची जप्ती तेवढी राहिली. १९५५ मध्ये हिंदु विवाह अधिनियम आला. त्याने हिंदूंस देशभर घटस्फोट दिला आणि त्याच बरोबर नवव्या कलमात हा जुना उपायही राखला. रखमाबाईंचा मृत्यू त्याच वर्षी सप्टेंबरात झाला. इंग्लंडने १९७० मध्ये हा उपाय समूळ रद्द केला. भारतात तो टिकून राहिला.

त्याचे रूप पालटले ते १९६४ च्या दुरुस्तीने. हुकूमनाम्यानंतर दोन वर्षे सहवास सुरू न झाल्यास कोणत्याही पक्षास घटस्फोट मागता येईल, अशी तरतूद झाली; १९७६ मध्ये ही मुदत एक वर्षावर आली. याचा परिणाम ‘सरोजराणी’ खटल्यात स्पष्ट दिसतो. तेथे नांदण्याचा हुकूमनामा पत्नीने मिळविला होता, पतीने त्यास संमती दिली होती. आणि वर्ष उलटल्यावर त्याच हुकूमनाम्याच्या आधारे पतीने घटस्फोट मागितला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला व नववे कलमही घटनासंमत ठरविले. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम व्यक्तिस्वातंत्र्यास व समतेस बाधक म्हणून रद्द केले होते. तो विचार सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही.

कुटुंबन्यायालय अधिनियम याच १९८४ सालचा. मुंबईचे कुटुंबन्यायालय १९८९ मध्ये स्थापन झाले. अंधेरी व घाटकोपर १९५० मध्ये, तर बोरिवली व मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आले असल्याने हा सारा टापू त्याच्या कक्षेत येतो. प्रथम समेटाचा यत्न करणे हे या न्यायालयाचे कर्तव्य आहे; आणि वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क पक्षकारास आपोआप मिळत नाही. त्यामुळे विधिसाहाय्यकाचे काम येथे नाजूक होते. नांदावयास येण्याची नोटीस हाती पडलेली स्त्री पुष्कळदा पोटगीची अर्जदारही असते, व पतीचा अर्ज हे पोटगीस दिलेले उत्तर असते. हुकूमनामा पाळला नाही एवढ्याच कारणाने पत्नीचा पोटगीचा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. विरुद्ध पक्षी, ‘घरी परत यावे’ एवढीच इच्छा धरून अर्ज करणाऱ्या स्त्रीस, वर्षानंतर त्याच हुकूमनाम्यावर तिचा पती घटस्फोट मागू शकेल, हे आरंभीच सांगितले पाहिजे.

तात्पर्य, नवव्या कलमाचा अर्थ त्याच्या शब्दांत जितका आहे, त्याहून अधिक तेराव्या कलमाशी असलेल्या त्याच्या संबंधात आहे. न्यायासनाच्या हुकुमाने एकत्र संसार घडविता येतो काय, हा रखमाबाईंनी उभा केलेला प्रश्न होता. १८८७ मध्ये त्याचे उत्तर कैदेच्या धाकाने देण्यात आले. आज ते एका वर्षाच्या मुदतीने दिले जाते.