गिअरबॉक्सचा ताप

इंजिन तापले की डॅशबोर्डवरचा काटा वर चढतो आणि चालक सावध होतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापला, तर बहुतेक मोटारींत तसे काहीच दिसत नाही. धोक्याचा दिवा लागतो, पण तोही उशिरा. वेगासाठी बांधलेल्या ताकदवान मोटारींत ही उणीव महागात पडू शकते.

ही उष्णता येते कोठून? पारंपरिक ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक सुरू केला की त्याच्या झोताने दुसराही फिरू लागतो. येथे हवेच्या जागी तेल असते. दोहोंच्या वेगात तफावत राहिली की शक्तीचा काही भाग तेल घुसळण्यातच खर्ची पडतो आणि त्याची उष्णता होते. एक ढोबळ गणित मांडू. ब्रेक दाबून धरला आहे आणि इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर ३०० न्यूटन-मीटर टॉर्क देत आहे, असे समजा. ही झाली सुमारे ७८ किलोवॉट शक्ती. चाके स्थिर असल्याने ती सगळी तेलात उतरते. तेल पाच किलो धरले, तर दर सेकंदाला जवळजवळ आठ अंशांची वाढ! (धातूचे भाग यातली थोडी उष्णता शोषतात, हे खरे.) ‘स्टॉल’ चाचणी पाच सेकंदांपेक्षा अधिक ताणू नये, असे मेकॅनिकला बजावले जाते ते यामुळेच.

तेलाचे तापमान साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस असावे. त्यापुढे दर दहा अंशांमागे तेलाचे आयुष्य निम्मे होते, हा या व्यवसायातला जुना आडाखा. आजची सिंथेटिक तेले अधिक सोसतात. पण १३० अंशांच्या आसपास रबरी सील कडक होऊ लागतात आणि त्याही पुढे गेल्यास क्लचच्या चकत्या जळतात.

तापमान वाढले की मोठा ऑइल कूलर बसवावा, असे पुष्कळांना वाटते. पण आधी उष्णता निर्माणच कमी व्हावी, हे महत्त्वाचे. कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच दोन्ही पंखे एकमेकांना जखडतो आणि घसरण थांबवतो. पॅकार्ड कंपनीच्या १९४९ च्या ‘अल्ट्रामॅटिक’मध्येही तो होता. घाटात किंवा ट्रॅकवर वरचा गिअर रेटत राहण्यापेक्षा हाताने खालचा गिअर निवडल्यास लॉक-अप टिकण्याची शक्यता वाढते. चढावर मोटार ॲक्सिलरेटरवर तोलून धरण्याची सवय तर सोडलेलीच बरी. त्यासाठी ब्रेक आहे. ड्रॅग शर्यतीसाठी अधिक घसरणारा कन्व्हर्टर बसवला की सुरुवात झेपावल्यासारखी होते, पण रोजच्या रहदारीत तोच तेल उकळवतो.

त्यानंतर कूलर. अनेक मोटारींत तो रेडिएटरच्या टाकीतच असतो. तेथील जोड फुटला तर पाणी व तेल मिसळून गुलाबी दुधासारखे मिश्रण होते आणि गिअरबॉक्स निकामी होतो. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी हवेने थंड होणारा, पट्ट्यांचा जादा कूलर जोडावा. त्याला थर्मोस्टॅट हवाच, कारण अतिथंड तेलही गिअर नीट बदलू देत नाही.

दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचे दुखणे वेगळे. तेथे कन्व्हर्टर नसतो, घसरतो तो क्लच. भारतात २०१३ मध्ये आलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयमध्ये कोरड्या क्लचचा सात गतींचा गिअरबॉक्स होता. कोरड्या क्लचभोवती उष्णता वाहून नेणारे तेल नसल्याने कोंडीत इंच-इंच सरकणे त्याला मानवत नाही. पुढची मोटार थोडी दूर जाऊ द्यावी आणि मगच ब्रेक सोडावा. त्याच पोलोत २०२० मध्ये टॉर्क कन्व्हर्टर आला. निस्सानच्या २००७ च्या जीटी-आरमध्ये मात्र क्लच तेलात बुडालेले, आणि गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान चालकाला पडद्यावर पाहता येते. इतर मोटारींत ओबीडी सॉकेटला जोडायच्या छोट्या उपकरणातून हा आकडा बहुधा मिळतो.

ट्रॅकवरून परतताना शेवटची फेरी सावकाश मारावी. ‘हे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही’ या काही मोटार कंपन्यांच्या आश्वासनावरही फार विसंबू नये. खुद्द गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान तेल बदलण्यास सांगते. ट्रॅकवर पळणाऱ्या मोटारीत ते त्याहून बरेच आधी बदलावे.