शीड, वारा आणि तरुण खलाशी

आपल्या बुलढाणा जिल्ह्यापासून समुद्र सरळ रेषेत धरला तरी तीनशे किलोमीटरहून लांब आहे. तेव्हा शिडाच्या होड्या आणि त्यांच्या शर्यती यांचे आपल्याला काय, असे एखादे गुरुजी सहज म्हणतील. पण मराठ्यांचे आरमार ज्यांनी उभारले ते शिवाजीमहाराज आपल्या सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांचे नातू. जन्म शिवनेरीचा, बालपण पुण्याकडचे. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी हाती आली, तेव्हा कुठे खाडीचे पाणी त्यांच्या राज्याला लागले. समुद्राकाठी जन्म घेतल्यावाचून ही विद्या ओळखता येत नाही, असे म्हणायला मग जागा उरत नाही.

ही विद्या आहे तरी काय? वारा पाठीशी असला म्हणजे शिडाची होडी कोणीही हाकील. खरी परीक्षा वारा समोरून येतो तेव्हा. वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जाऊच शकत नाही. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे अशी तिरपी नेत नेत तिला वर चढवावे लागते. राजूरचा घाट आपण चढतो तो वळणे घेत घेतच ना? तसेच हे. फरक इतकाच की घाटातली वळणे ठरलेली असतात आणि पाण्यावरची वळणे वाऱ्याप्रमाणे दर घटकेला बदलतात. वारा किंचित फिरला हे ज्याला आधी कळले तो पुढे गेला. खळ्यावर उपणणी करणारा म्हातारा कुणबी हात वर करून वाऱ्याची झुळूक कशी ओळखतो, ते आपण पाहिलेच आहे. खलाशाचे ज्ञान त्याच जातीचे आहे.

महाराजांना ही विद्या आयती मिळाली नाही. 1659 च्या सुमारास जहाजे बांधण्यासाठी त्यांनी रुई लेतांव व्हिएगस नावाच्या पोर्तुगिजाला आणि त्याच्या माणसांना कामावर ठेवले होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्यांचे कान भरले आणि ती मंडळी काम अर्धवट टाकून निघून गेली. पुढचा सगळा भार किनाऱ्यावरच्या कोळी, भंडारी आणि मुसलमान दर्यावर्दींवर पडला. माझ्या मते हे एका परीने बरेच झाले. परक्या कारागिराबरोबर विद्या येते, तशी ती त्याच्याबरोबर परतही जाते.

ती विद्या किती मुरली होती ते 1679 मध्ये मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर दिसले. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांची माणसे तेथे तट बांधीत होती आणि इंग्रजांची जहाजे वाट अडवून उभी होती. 18 ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांची डोव्हर ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली. त्यांच्या रिव्हेंज या जहाजाने मात्र मराठ्यांना मागे रेटले, हेही सांगितले पाहिजे. तोफांच्या मारगिरीत इंग्रज सरसच होते. पण रात्री उथळ पाण्यातून, वल्ही आणि शीड दोन्ही वापरून बेटावर रसद पोचविणाऱ्या लहान होड्या त्यांना शेवटपर्यंत अडविता आल्या नाहीत. 1680 च्या आरंभी त्यांनी नाद सोडला.

आंग्र्यांच्या काळात याच कौशल्याचा युद्धशास्त्र म्हणून विकास झाला. गुराब म्हणजे पुढल्या नाळेवर तोफा असलेले मोठे जहाज, आणि गलबत म्हणजे चाळीस-पन्नास वल्ह्यांची चपळ नाव. वारा पडला की मोठे परदेशी जहाज जागच्या जागी खिळून राही. मग गलबते गुराबेला दोराने ओढीत त्याच्या पिछाडीला आणून सोडीत, कारण तिकडे तोफा कमी असत. 1715 च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आरमाराचे वेगळे प्रकरण आहे. पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा, जहाजे मध्यम बांध्याची असावीत, वाऱ्यावाचून कामाला न येणारी अवजड जहाजे करू नयेत, असे त्यात बजावले आहे. वाऱ्याचा पूर्ण हिशेब ठेवणाऱ्या माणसांनी लिहिलेले हे पान आहे.

पोरांना शिकविण्याची शाळा म्हणजे होडीच. तांडेलाच्या हाताखाली पाणी उपसता उपसता मुलगा दोर धरायला शिके, मग शीड, आणि सुकाणू सर्वांत शेवटी. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे धरून बाहेर पडायचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यांवर परतायचे, हा भूगोलाचा धडा तो पुस्तकावाचून शिकत होता. ही साखळी तुटली 1756 च्या फेब्रुवारीत. विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. आणि इंग्रजांना त्या कामी साथ होती ती पेशव्यांची. ही गोष्ट वर्गात सांगताना आवाज खाली जातो, पण सांगावी लागतेच. विद्या त्यानंतर कोळ्यांच्या होड्यांत जगली. राज्याचा आश्रय तिला उरला नाही.

शर्यतीचा खेळ म्हणून शीड परत आले ते साहेबाबरोबर. 1846 मध्ये मुंबईत यॉट क्लब निघाला, पण हिंदी माणसाला त्याचे दार दीर्घकाळ बंद होते. स्वातंत्र्यानंतर चित्र हळूहळू पालटले. 1955 मध्ये राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी खडकवासल्याला आली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातली मुले तिथल्या धरणाच्या पाण्यावर शीड हाकायला शिकू लागली. समुद्र नव्हता, धरण होते, तेवढे पुरले. 1982 च्या एशियाडमधील शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या, तेव्हा फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल जातीच्या होडीत सुवर्णपदक मिळविले.

पुढे कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या म्हादेई या नौकेतून 2009 च्या ऑगस्टपासून 2010 च्या मेपर्यंत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. मला अधिक मोलाचे वाटते ते त्यांनी नंतर केलेले काम. त्यांनी अभिलाष टॉमींना तयार केले, आणि 2017-18 मध्ये तारिणी नौकेतून जगप्रदक्षिणा करणाऱ्या नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनाही धडे दिले. त्या सहांपैकी वर्तिका जोशी उत्तराखंडच्या, तर प्रतिभा जामवाल हिमाचलातल्या कुलूच्या. म्हणजे हिमालयाच्या कुशीतल्या मुली. तांडेलाच्या हाताखालची जुनी रीत अशी पुन्हा चालू झाली.

आणि आता आपल्या शेजारची हकिकत. सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश. तेथे भोपाळच्या मोठ्या तलावावर शीड शिकविण्याची शाळा आहे. देवास जिल्ह्यातील अमलताज गावच्या एका शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर तेथे शिकली. 2023 च्या सप्टेंबरात चीनमधल्या हांगझोऊ एशियाडमध्ये ती उतरली तेव्हा सतरा वर्षांची होती. होडीत ती एकटी, शीड एकच, साधारण पावणेपाच चौरस मीटरचे. या शर्यतींत पहिल्या येणाऱ्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, असा हिशेब असतो, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जिंकतो. सर्वांत वाईट गेलेली एक शर्यत वजा करतात. म्हणून एका दिवसाची मर्दुमकी इथे कामाची नाही. शंकरपटात एका दमात निकाल लागतो, तसे इथे नसते. नेहाच्या अकरा शर्यतींची बेरीज 32 झाली, त्यातले पाच वजा जाऊन 27 उरले. सिंगापूरच्या मुलीचे 28 होते. थायलंडची मुलगी 16 गुणांवर पहिली आली आणि रौप्यपदक अमलताजला गेले.