'एक्स्टेंट', 'अंश' आणि 'प्रमाण' : औपचारिक गद्यातील मर्यादादर्शक शब्दप्रयोगांचा इतिहास

१

चेन्नईच्या उत्तरेस, आंध्र प्रदेशाच्या सीमेलगत, गुम्मिडिपूंडी हे तालुक्याचे गाव आहे. 'सिपकॉट'च्या औद्योगिक वसाहतीमुळे ते आज ओळखले जाते. या परिसरातील जमिनीचे एखादे इंग्रजी खरेदीखत उघडावे, तर सर्व्हे क्रमांकापाठोपाठ 'एक्स्टेंट' हा शब्द येतो आणि त्यापुढे एकर व सेंट यांचे आकडे येतात. तमिळ खतात त्याच जागी 'विस्तीरणम्' असते. आपल्या सातबाऱ्यावरील 'क्षेत्र' ते हेच. 'टू अ सर्टन एक्स्टेंट', 'टू अ लार्ज एक्स्टेंट' अशा शब्दप्रयोगांतून ज्याला 'एक्स्टेंट' भेटला आहे, त्याला हा जमिनीवरचा 'एक्स्टेंट' काहीसा परका वाटतो. वस्तुतः तोच मूळचा आहे. मध्ययुगीन इंग्लंडच्या अँग्लो-नॉर्मन कायदेभाषेत 'एक्स्टेंट' म्हणजे कर बसविण्यासाठी केलेले जमिनीचे मूल्यांकन. विधानाची व्याप्ती, विचाराची मर्यादा हे अर्थ त्याला पुढे लाभले. 'डिग्री' हा शब्दही असाच पायरीवरून, म्हणजे एका प्रत्यक्ष वस्तूवरून, अमूर्ताकडे गेला.

औपचारिक इंग्रजी लेखनातील हे प्रमाणदर्शक व मर्यादादर्शक शब्दप्रयोग शैलीचे अलंकार म्हणून शिकविले जातात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन वेगळे आहे. हे शब्दप्रयोग उत्तरदायित्वाच्या व्यवहारातून घडले. आपण जे म्हणतो त्यातील किती भागाची हमी आपण घेतो, हे सांगण्याची गरज जेथे निर्माण झाली, तेथे ते रुजले. मराठीपुरते बोलायचे तर त्यांचा इतिहास हा अभिमत देण्याचा अधिकार कोणत्या भाषेला मिळाला, याचाही इतिहास आहे. मद्रास आणि मुंबई या दोन इलाख्यांत मराठीच्या वाट्याला जे आले, त्याची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते.

२

मद्रासभोवतालचा मुलूख १७६३ साली अर्काटच्या नबाबाकडून कंपनीला जहागीर म्हणून मिळाला. पुढे त्याचाच चेंगलपट्टू जिल्हा झाला. १७६७ ते १७७४ या काळात थॉमस बर्नार्डने या जहागिरीची पाहणी केली. तिला आधार होता गावोगावच्या तमिळ ताडपत्रांवरील हिशेबांचा. कोणत्या गावात घरे किती, तळी किती, लागवडीखालील जमीन किती, याचे तपशील त्या ताडपत्रांवर होते. १७९४ ते १७९८ या काळात येथे कलेक्टर असलेल्या लायोनेल प्लेसने १७९९ साली जो विस्तृत अहवाल दिला, तो मात्र इंग्रजीत होता. हिशेब एका भाषेत आणि त्यावरील अभिमत दुसऱ्या भाषेत, अशी ही विभागणी होती.

इलाख्याच्या अनेक जिल्ह्यांत या दोहोंच्या मध्ये तिसरी भाषा होती, ती म्हणजे मराठी. कलेक्टरच्या हुजूर कचेरीत शिरस्तेदार आणि त्यांच्या हाताखालील लेखनिक बहुधा देशस्थ ब्राह्मण असत, आणि महसुलाची दफ्तरे मराठीत ठेवली जात. रॉबर्ट फ्रायकेनबर्ग यांनी गुंटूर जिल्ह्याच्या १७८८ ते १८४८ या कालखंडावर लिहिलेल्या ग्रंथात (१९६५) या वर्गाचा प्रभाव किती खोलवर पोचला होता, हे साधार दाखविले आहे. ज्या जिल्ह्यात रयत तेलुगू बोलत होती आणि साहेब इंग्रजी, तेथे सत्तेचा मधला जिना मराठीचा होता.

मात्र या मराठीकडे काम होते ते मोजणीचे, नोंदीचे आणि ताळेबंदाचे. यंदाची जमा का घटली, त्यात पावसाचा वाटा किती, लपविलेल्या लागवडीचा किती, आणि आपल्याला खात्रीने किती सांगता येते, हे कलेक्टर महसूल मंडळाला इंग्रजीत कळवीत असे. 'अंशतः', 'मुख्यत्वे', 'अमुक मर्यादेपर्यंत' अशा शब्दांची गरज नेमकी याच टप्प्यावर पडते. आकडा स्वतःपुरता निश्चित असतो. आकड्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मर्यादेसह मांडावा लागतो.

दक्षिणेतील मराठी या कामास असमर्थ होती, असे मात्र म्हणता येणार नाही. तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा दीर्घ इतिहास १८०३ साली मराठीत कोरला गेला. सरफोजी दुसरे यांच्या छापखान्यातून १८०६ साली निघालेले 'बालबोधमुक्तावली' हे इसापनीतीचे भाषांतर अगदी आरंभीच्या मुद्रित मराठी पुस्तकांपैकी एक आहे. कथनाची आणि भाषांतराची शक्ती तेथे होती. पण १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला होता आणि १८५५ साली दुसरे शिवाजी औरस पुत्रावाचून निवर्तल्यावर संस्थानही उरले नाही. अभिमत मागणारी सत्ता आता इंग्रजी होती.

या स्थित्यंतराचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे टी. माधवराव. १८२८ साली कुंभकोणम् येथे तंजावुरी मराठी कुटुंबात जन्मलेले माधवराव मद्रासच्या सरकारी हायस्कुलात शिकले आणि त्रावणकोर (१८५८-७२), इंदूर व बडोदे (१८७५-८२) या संस्थानांचे दिवाण झाले. बडोद्यात त्यांच्यासमोर होते तरुण सयाजीराव, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावातून १८७५ साली दत्तक आलेले. दोघेही मराठीभाषक. तरीही राजधर्मावरील जी व्याख्याने माधवरावांनी या राजपुत्रासाठी तयार केली आणि जी 'मायनर हिंट्स' या नावाने छापली गेली, ती इंग्रजीत आहेत. दोन मराठी माणसांमध्ये राज्यकारभाराचा विवेक इंग्रजीतून बोलला जात होता. एका शतकात दक्षिणेतील मराठी लेखनिकांच्या वंशजांनी दफ्तरातून दिवाणखान्यापर्यंतची वाट चालली खरी, पण ती चालताना लेखनाची भाषा बदलली.

३

मुंबई इलाख्यात याहून वेगळे घडले. येथे रयतेची, कचेरीची आणि शाळेची भाषा बव्हंशी एकच होती. त्यामुळे इंग्रजी अभिमताचे मराठीत रूपांतर करण्याची गरज सतत भासत राहिली. ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या 'दर्पण'मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, तर मोल्सवर्थने आरंभिलेला आणि कँडीने पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा.

या १८४७ सालाला आपल्या विषयाच्या दृष्टीने आणखी एक महत्त्व आहे. मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणी पद्धतीची तत्त्वे मांडणारा संयुक्त अहवाल याच वर्षीचा. गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या या पद्धतीत मातीची खोली, पोत आणि दोष पाहून जमिनीची प्रत आण्यांत ठरविली जाई. उत्तम जमीन सोळा आणे, त्याखालोखाल चौदा, बारा असे दर्जे. पिकाचा अंदाजही आण्यांतच होत असे. 'आणेवारी' ती हीच. १९५७ साली दशमान नाणी आल्यावर तिची 'पैसेवारी' झाली, आणि पन्नास पैशांखालील पैसेवारी हा टंचाई जाहीर करण्याचा निकष दीर्घकाळ टिकला. 'सोळा आणे खरे' ही बोलीतील उक्ती या पार्श्वभूमीवर पाहावी. मराठीजवळ प्रमाणाची भाषा होतीच. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे अपूर्णांक एकेका शब्दात सांगणारी, आणि 'जितका-तितका', 'जेवढा-तेवढा' या जोड्यांनी दोन गोष्टींचे माप परस्परांशी बांधणारी ती भाषा आहे.

निबंधाला मात्र आण्यांचा हिशेब पुरेना. इतिहासातील एखाद्या कारणाचा वाटा बारा आणे की दहा, हे कोण सांगणार? मोजता न येणाऱ्या गोष्टीचे माप सुचविण्यासाठी 'काही अंशी', 'बऱ्याच अंशी', 'मोठ्या प्रमाणावर' हे शब्दप्रयोग निबंधगद्यात रुळत गेले. येथे शेजारच्या भाषांशी तुलना उपयुक्त आहे. गुम्मिडिपूंडीच्या बाजारात तमिळ आणि तेलुगू दोन्ही भाषा कानी पडतात. तमिळमध्ये 'काही अंशी' या अर्थी 'ओरळवु' म्हणतात. त्यात 'अळवु', म्हणजे माप, आहे. तेलुगूत 'कोंतवरकु' म्हणतात, म्हणजे काही ठिकाणापर्यंत. हिंदी 'किसी हद तक' म्हणते, तेव्हा ती अरबीतून आलेल्या सीमावाचक शब्दाचा आधार घेते. तमिळने मापाची, तेलुगूने पल्ल्याची, हिंदीने सीमेची कल्पना निवडली. मराठीने भाग कल्पून 'अंश' घेतला. इंग्रजीच्या एकाच शब्दप्रयोगापुढे प्रत्येक भाषेने आपापल्या घरातील वस्तू पुढे केली. या प्रयोगांना केवळ उसनवारी म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते.

४

औपचारिक इंग्रजीत या शब्दप्रयोगांची कामे तीन. पहिले, परिमाण सांगणे. दुसरे, विधानाला कुंपण घालणे. तिसरे, अट बांधणे, म्हणजे 'जेवढे हे, तेवढेच ते' असे म्हणणे. तिसऱ्या कामाचे उत्तम उदाहरण भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा जेवढा विसंगत असेल तेवढाच शून्य ठरतो. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ याविरुद्धच्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली मद्यार्कयुक्त औषधी व प्रसाधनद्रव्यांसंबंधीच्या तरतुदींसारख्या काही तरतुदी रद्द ठरविल्या आणि उर्वरित कायदा कायम ठेवला. एका 'एक्स्टेंट'ने येथे कायदा वाचविला. हा शब्द गाळला असता, तर सगळा कायदा ठेवायचा किंवा सगळा काढायचा, एवढाच पर्याय उरला असता.

दुसऱ्या कामाचे, म्हणजे विधानाला कुंपण घालण्याचे, महत्त्व कळते ते कुंपण नसल्यावर. गोपाळ कृष्ण गोखले हे न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली घडले. पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून आणि अर्जांतून प्रत्येक विधानाला आकड्याचा आधार देण्याची शिस्त त्यांनी आत्मसात केली. १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे त्यांनी दिलेली साक्ष या शिस्तीचा नमुना मानली जाते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये असताना, पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे, प्लेगनिवारणाच्या मोहिमेत सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे त्यांनी वृत्तपत्राला सांगितले. मायदेशी परतल्यावर ते सिद्ध करणे त्यांना शक्य झाले नाही. माहिती देणारे पुढे येण्यास तयार नव्हते. गोखल्यांनी जाहीर, बिनशर्त क्षमा मागितली आणि त्यासाठी स्वकीयांचा रोषही पत्करला.

या प्रसंगाचे राजकीय अन्वयार्थ अनेक आहेत. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे हे की, जो माणूस आयोगापुढे एकेका रुपयाची मर्यादा सांगत होता, त्याच्या दुसऱ्या विधानाला पुराव्याएवढीच मर्यादा राहिली नाही. 'मला आलेल्या पत्रांवरून असे दिसते' एवढे कुंपण विधान खोटे ठरू देत नाही आणि खरे ठरण्याची वाटही बंद करीत नाही. शिवाय ज्यांच्या वेदनेविषयी ते बोलत होते, त्यांचे म्हणणेही त्या माफीत बुडाले. अतिव्याप्त विधान कोसळते तेव्हा त्याच्याखाली सत्याचा जो अंश असेल, तोही गाडला जातो. मर्यादा सांगणे म्हणजे भित्रेपणा, अशी समजूत आपल्याकडे प्रचलित आहे. तिला हे उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

तथापि हेच कुंपण लपण्याची जागाही होऊ शकते. आजच्या इंग्रजी शोधनिबंधांत, आणि त्यांच्या छायेत वाढणाऱ्या मराठी निबंधांतही, 'टू सम एक्स्टेंट' किंवा 'काही अंशी' हे शब्द किती अंशी हे सांगण्याची तयारी नसताना वापरले जातात. एका साहित्यकृतीवर दुसरीचा प्रभाव 'बऱ्याच अंशी' आहे, असे तौलनिक अभ्यासक लिहितो. कथानकात आहे की घाटात, वृत्तात आहे की विचारात, हे मात्र तो लिहीत नाही. गुम्मिडिपूंडीच्या खरेदीखतात 'एक्स्टेंट'पुढील रकाना कोरा ठेवला, तर त्या खताने कोणती जमीन विकली हे कोणालाच सांगता येणार नाही. आपल्या लेखनात तो रकाना सर्रास कोरा राहतो.

५

शेवटी एका मराठी शब्दाकडे वळावयाचे आहे. 'मोठ्या प्रमाणावर' म्हणताना आपण जो 'प्रमाण' शब्द वापरतो, त्याचे न्यायदर्शनातील स्थान आपण विसरलेलो असतो. तेथे प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. माप आणि पुरावा या दोन कल्पना संस्कृतने एका शब्दात ठेवल्या आणि मराठीने तो शब्द जसाच्या तसा घेतला. इंग्रजीच्या 'एक्स्टेंट'मध्ये माप आहे, पुरावा नाही. तो बाहेरून आणावा लागतो.

मद्रास इलाख्यातील मराठीने माप सांभाळले. ते माप कशाचा पुरावा ठरते, हे सांगण्याचे काम इंग्रजीकडे गेले आणि ती मराठी कचेरीतून नाहीशी झाली. मुंबई इलाख्यातील मराठीने दोन्ही कामे अंगावर घेतली, म्हणून तिला निबंध मिळाला. आज वरिष्ठ संशोधनाचे आणि धोरणाचे लेखन पुन्हा इंग्रजीकडे सरकत असताना ही तुलना केवळ पुरातत्त्वाची राहत नाही. भाषेजवळ शब्द किती आहेत, एवढाच हा प्रश्न नाही. त्या भाषेत कोणी निष्कर्ष काढतो का आणि त्या निष्कर्षाची मर्यादा स्वतः सांगतो का, हा खरा प्रश्न आहे. 'प्रमाणात' लिहावयाचे, तर ते प्रमाणासह लिहिले पाहिजे. ही अपेक्षा इंग्रजीने आपल्याला शिकविली असे मानले जाते, पण आपल्या शब्दात ती आधीपासून होती.