उत्तर कोणत्या प्रश्नाचं?

मंडळी, कळंबला बोलायला उभं राहिलं की आम्हाला आधी पत्त्याचाच प्रश्न आठवतो. कळंब म्हणजे कोणतं? आपलं मांजरेकाठचं की यवतमाळ जिल्ह्यातलं? दोन्ही तालुक्याची गावं. जिल्हा लिहायचा राहिला, की पत्र दुसऱ्याच कळंबची वारी करून यायचं. सारखी गावनावं आणि पत्त्यांच्या नाना भाषा-लिप्या, या गोंधळावर तोडगा म्हणून 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड आला. त्याची योजना डाक-तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. आपलं कळंब झालं 413507.

पण पत्र योग्य गावी पोचलं, म्हणजे अर्धंच काम झालं. आलेलं उत्तर कोणत्या प्रश्नाचं, हे कसं ओळखायचं?

समजा, इथल्या एका घरातून मुंबईतल्या थोरल्या भावाला दोन पत्रं गेली. सोमवारी विचारलं, रान विकावं का? गुरुवारी विचारलं, धाकटीचं स्थळ पक्कं करावं का? आठ दिवसांनी एक कार्ड आलं : ‘माझी संमती आहे, उशीर करू नका.’ आता संमती कशाला? पहिलं उत्तर पहिल्या प्रश्नाचं धरलं, तर रान गेलं!

म्हणून जुनी माणसं उत्तराच्या सुरुवातीलाच लिहीत, ‘आपले 5 तारखेचे पत्र पावले.’ आम्ही तो नुसता शिष्टाचार समजत होतो. कचेरीनं त्याचीच शिस्त केली. जाणाऱ्या पत्राला जावक क्रमांक, नोंदवहीत त्याची नोंद, आणि येणाऱ्या उत्तराच्या माथ्यावर ‘संदर्भ’ म्हणून तोच क्रमांक.

आता संगणकाकडे येऊ. 1995 मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट भाषा तयार केली. या भाषेत सर्व्हरला प्रश्न पाठवला की कार्यक्रम उत्तराची वाट पाहत थांबत नाही, पुढच्या कामाला लागतो. उत्तरं मात्र पाठवलेल्या क्रमानं येतील, याचा भरवसा नसतो. शोधपेटीत तुम्ही ‘कळ’ लिहिलं, मग ‘कळंब’. दुसऱ्याचं उत्तर आधी आलं, दिसलं. मागून पहिल्याचं आलं आणि त्याच्यावर बसलं. पेटीत कळंब, खाली यादी कळवण आणि कळमनुरीची!

याला दोन उपाय. 2015 च्या प्रमाणभाषेत ‘प्रॉमिस’ आलं. प्रत्येक प्रश्नामागे एक स्वतंत्र वचन, त्यामुळे उत्तर आपल्याच प्रश्नाकडे परततं. तरी ते शिळं झालं का, हे वचन सांगत नाही. म्हणून शेवटच्या प्रश्नाचा क्रमांक जवळ ठेवायचा आणि त्याआधीच्यांची उत्तरं टाकून द्यायची.

दुसरा उपाय वेबसॉकेटसारख्या वाटेसाठी. तिथं सगळे निरोप एकाच नळीतून ये-जा करतात आणि जोड्या लावायचं काम आपल्यावरच पडतं. मग प्रत्येक प्रश्नात क्रमांक घालायचा, सर्व्हरनं उत्तरात तोच परत लिहायचा. आपल्याकडे ‘मॅप’मध्ये क्रमांकासमोर थांबलेलं वचन नोंदवलेलं असतं. उत्तर आलं की ते पुरं करायचं, नोंद खोडायची. ठरल्या वेळात आलंच नाही, तर उत्तर नाही असं कळवून तीही खोडायची, नाहीतर वही फुगत जाते. उत्तरात प्रश्नाचाच क्रमांक परत लिहायचा, हा जेसन-आरपीसीचाही नियम आहे. आणि मंडळी, ही आपली आवक-जावक नोंदवहीच नाही का?

तत्त्वज्ञ कॉलिंगवूड यांनी 1939 च्या आत्मचरित्रात म्हटलं होतं की कोणतंही विधान ज्या प्रश्नाचं उत्तर असतं, तो कळल्याशिवाय विधानाचा अर्थ कळत नाही. भावाच्या कार्डातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. बहिणीच्या लग्नाला त्यानं मनापासून होकार दिला होता. तेच वाक्य रानाला जोडलं असतं, तर घर उघड्यावर पडलं असतं. खरं उत्तर भलत्या प्रश्नाला चिकटलं, की खोट्याइतकंच घात करतं. आणि ते शंकेलाही जागा ठेवत नाही, कारण ते नीटनेटकं, वेळेवर आलेलं असतं.

म्हणून क्रमांक घालायचा तो प्रश्न पाठवतानाच. उत्तर हाती पडल्यावर नुसता अंदाज उरतो.