एक डॉलर रोज

शाळेतली मोबाईलबंदी हा स्मार्टफोननंतरचा विषय आहे, असा माझा समज होता. तिचा इतिहास वाचायला घेतला आणि सुरुवातीलाच पेजर भेटला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांना शाळेत पेजर आणायला मनाई झाली. अमली पदार्थ विकणारे पेजर वापरत, म्हणून कमरेला पेजर लावलेल्या पोराकडेही संशयानं पाहिलं जाई. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांचा नियम १९८८चा. पुढे मोबाईल आले आणि तेही याच नियमाखाली आले.

बरीच वर्षं हा नियम कागदावरच होता. मुलं फोन आणत, शिक्षक काणाडोळा करत. ११ सप्टेंबर २००१ नंतर तर पालकच आग्रहानं फोन देऊ लागले. त्या दिवशी कोसळलेल्या इमारतींपासून काही चौक अंतरावर शाळा भरलेल्या होत्या. आपलं पोर कुठे आहे हे न कळता काढलेले तास त्या शहरातले आईबाप विसरले नव्हते.

एप्रिल २००६मध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी शाळांच्या दारात अचानक मेटल डिटेक्टर लावून तपासणी सुरू केली. शोध शस्त्रांचा होता, पण फोनही धातूचेच. ते ढिगानं सापडले आणि जप्त झाले. तेव्हा आयफोन बाजारात यायलाही वर्षभर अवकाश होता. हे सगळे साधे, घडीचे फोन. परीक्षेत कॉपी होते, नको ते फोटो काढले जातात, भांडणाला फोन करून बाहेरची टोळकी बोलावली जातात, अशी प्रशासनाची कारणं होती. पालक कोर्टात गेले आणि हरले. २००७मध्ये नगर परिषदेनं महापौरांचा नकाराधिकार डावलून कायदा केला, की मुलांना शाळेत जाता-येता फोन जवळ बाळगता येईल. शाळेच्या आतली बंदी मात्र कायम राहिली. मग मधले सहा-सात तास फोन ठेवायचा कुठे?

याचं उत्तर बाजारानं दिलं. शाळांबाहेर ट्रक उभे राहू लागले. सकाळी फोन द्यायचा, टोकन घ्यायचं, दुपारी परत न्यायचा. भाडं दिवसाला एक डॉलर. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानांनीही हा जोडधंदा धरला. २०१२मध्ये ब्राँक्समधला असा एक ट्रक बंदुकीच्या धाकानं लुटला गेला आणि मुलांचे शेकडो फोन गेले.

डॉलर किरकोळ वाटतो. शाळेचे दिवस वर्षाला सुमारे १८०, म्हणजे एका मुलामागे १८० डॉलर. दोन भावंडं असली की दुप्पट. आणि हा खर्च सगळ्यांना नव्हता. शहरात दीड हजारांहून जास्त शाळा, पण कायमचे मेटल डिटेक्टर नव्वदेक इमारतींतच. त्या इमारती मुख्यतः गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांतल्या मुलांच्या. बाकी शाळांमध्ये अलिखित तडजोड होती: फोन दिसला नाही, वाजला नाही, तर कोणी विचारणार नाही. नियम एकच असूनही भाडं भरत होती ती दारात यंत्र असलेल्या शाळांमधली मुलं.

महापौर बिल द ब्लासिओ यांनी २ मार्च २०१५पासून ही बंदी उठवली. कारणं देताना पालकांच्या काळजीबरोबर त्यांनी हा भेदभावही सांगितला.

त्याच सुमारास मी बारावीची परीक्षा देत होतो. आमच्या कॉलेजातही फोनला बंदी होती. महिन्यातून एकदा दप्तरं तपासली जात, पण मागच्या बाकांवरची. मी पुढे बसायचो, मार्क बरे होते. दोन वर्षांत माझं दप्तर एकदाही उघडलं गेलं नाही आणि वडिलांचा जुना फोन त्यात रोज असायचा. मागच्या बाकावरच्या मित्राचा फोन जप्त झाला, तो वर्ष संपल्यावरच परत मिळाला. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता सॉफ्टवेअर लिहिताना नियम कुठे लागू होतो आणि कुठे सूट मिळते, हे रोज तपासावं लागतं. मग तो मित्र आठवतो.

सप्टेंबर २०२५पासून न्यूयॉर्क राज्यात पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत स्मार्टफोनबंदी पुन्हा आली आहे. आजचे फोन पाहता मला ती गरजेची वाटते. वर्गात बसलेल्या मुलाच्या खिशात त्याचं लक्ष सतत ओढणारी वस्तू असू नये. पण या वेळचा कायदा वेगळा लिहिला आहे. फोन ठेवण्याची सोय शाळेनं करायची आणि त्यासाठी राज्यानं निधी दिला आहे. दिवसभरात पालकांना मुलांशी संपर्क साधण्याचा मार्ग ठेवायचा. केवळ फोन वापरला म्हणून मुलाला शाळेतून निलंबित करायचं नाही. ही कलमं कोणी सहज सुचली म्हणून घातलेली नसावीत. त्यांच्यामागे ते ट्रक आहेत, आणि रोज सकाळी खिशातून एक डॉलर काढणारी मुलं.

आपल्याकडे असा नियम करण्याची चर्चा निघते, तेव्हा फोन चांगला की वाईट यावरच वाद होतो. त्यासोबत हेही विचारायला हवं, की तपासणी कोणाच्या दप्तराची होणार आणि फोन ठेवण्याचा खर्च कोण सोसणार?