छत्री, लव्हाळा आणि लष्कर

ग्वाल्हेर शहराच्या एका भागाला लष्कर म्हणतात. सन १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी उज्जैन सोडून किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. पुढे तंबू गेले, वाडे उठले, बाजार बसले. नाव मात्र छावणीचेच राहिले.

महाराज बाड्यालगतचा टोपी बाजार याच लष्करातला. तेथील एका मराठी घरी अंगणातल्या कुंडीत मी उंच हिरव्या काड्या पाहिल्या. प्रत्येकीच्या टोकाला उघड्या छत्रीसारखी पाने. सूनबाई म्हणाल्या, "छतरीवाला पाम आहे." आतून सासूबाईंनी दुरुस्ती केली, "पाम कसला? लव्हाळाच तो!"

शास्त्र सासूबाईंच्या बाजूचे आहे. हे झाड मूळचे आफ्रिका-मादागास्करकडचे. लिनियसने १७६७ मध्ये त्याची नोंद केली ती सायपेरस या वंशात. आपला लव्हाळा, नागरमोथा आणि ज्याच्यावर इजिप्तने आपला इतिहास लिहिला तो पपायरस, ही सारी त्याच वंशातली भावंडे. ताडामाडाशी त्याचे काही नाते नाही. लव्हाळ्याची काडी चिमटीत फिरवून पाहावी: तिला तीन कडा लागतात, आणि गवतासारखी पेरे नसतात.

या छत्रीची एक रीत विलक्षण आहे. पाणथळीत काडी वाकून तिचे टोक पाण्याला टेकले की तिथेच नवे रोप धरते. घरीही छत्री बोटभर देठासकट कापून पाण्यात उलटी ठेवली की काही आठवड्यांत मुळे फुटतात. पाणी आटले की मात्र ती वाळू लागते.

महाराष्ट्राबाहेर मराठीही अशीच रुजली. मुंगावलीला जन्मलेले भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी झाले आणि १९४१ मध्ये तिथेच निवर्तले. त्यांची कविता मात्र साऱ्या महाराष्ट्राने आपली मानली.

आपण सीमाभागातली माणसे दोन भाषांत वाढतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. नागरमोथ्याला हिंदीतही नागरमोथाच म्हणतात. पण 'लव्हाळा' हा शब्द त्या घरात सासूबाईंपाशीच उरला होता. असे शब्द पुस्तकात जपून भागत नाही. ते घरात बोलावे लागतात. यंदा नरकचतुर्दशीचे उटणे कालवताना नागरमोथ्याची एक गाठ नातवंडांच्या हातावर ठेवावी. वास घेऊ द्यावा, आणि तिच्या भावंडाचे नाव सांगावे: लव्हाळा.