कढईतला भोपळा

चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी मार्कंडादेवची महाशिवरात्रीची यात्रा भरते. यात्रा म्हटली की भज्यांची कढई आलीच. त्या कढईकडे बोट दाखवून एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, "भाजी आरोग्याला चांगली, मग तळलेली भाजी वाईट कशी?" तर काय उत्तर द्यावे? आमच्या मते हे उत्तर भाजीपेक्षा तेलाच्या इतिहासात अधिक सापडते.

आधी भाजी पाहू. शहरांतल्या बाजारात आता झुकिनी मिळते. दिसायला ती काकडीसारखी, पण जातीने भोपळा, कोवळेपणी तोडलेला. मेक्सिकोतील ओआहाका भागातल्या एका गुहेत या जातीच्या बिया सापडल्या आणि माणसाने तिची लागवड सुमारे १०,००० वर्षांपूर्वी सुरू केली होती, असे १९९७ साली दाखवण्यात आले. १४९२ नंतर ती युरोपात गेली आणि झुकिनी हा वाण इटलीत तयार झाला. आपला लाल भोपळा, म्हणजे विदर्भातले कोहळे, हाही मूळचा अमेरिकेचाच. दोडका आणि पावसाळ्यात रानातून येणारे काटवल मात्र इथलेच. कूळ सर्वांचे एकच.

१०० ग्रॅम कच्च्या झुकिनीत जवळजवळ ९५ ग्रॅम पाणी असते आणि तिच्यापासून मिळते जेमतेम १७ किलोकॅलरी ऊर्जा. फोड तापल्या तेलात पडली की तिच्यातल्या पाण्याची वाफ होते. तेच ते बुडबुडे. वाफ बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. फोड बाहेर काढून ती निवू लागली, की रिकाम्या झालेल्या छिद्रांत पृष्ठभागावरचे तेल ओढले जाते. १० ग्रॅम तेल शोषले गेले तर ९० किलोकॅलरींची भर पडते, म्हणजे भाजीच्या ऊर्जेच्या पाचपट! पीठ लावले की हिशेब आणखी वाढतो.

पण हे तेल कोणते? चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत मोहाच्या बियांचे तेल काढण्याची जुनी रीत आहे. या तेलात जवळजवळ निम्मी स्निग्धाम्ले संपृक्त असतात. म्हणून ते थंडीत थिजते. विदर्भात जवसाचे तेलही खाण्यात होते. ते पोषक, पण हवेने आणि उष्णतेने लवकर बिघडणारे, म्हणून तळणाला गैरसोयीचे. बिया वेचून, फोडून, घाण्यावर तेल काढायचे, तर कढईभर तेल ही रोजची गोष्ट कशी असणार? तळण सणासुदीलाच होई.

१९३७ साली दोन घटना घडल्या. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून डॉ. आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे हीच संस्था हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपाला आली. त्याच वर्षी 'डालडा' बाजारात आला. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट जर्मनीच्या नॉर्मान यांनी १९०२ मध्ये घेतले होते. हे तूप स्वस्त आणि टिकाऊ होते. तळण आवाक्यात आले. मात्र या प्रक्रियेत ट्रान्स स्निग्धाम्ले तयार होतात. ती रक्तातले घातक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि उपकारक कोलेस्टेरॉल घटवतात, हे १९९० मध्ये नेदरलँड्समधील प्रयोगाने दाखवले. भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेल-वनस्पतीतील त्यांची मर्यादा २ टक्के झाली. भाजी तीच होती, पण कढईतला माल बदलला तसा तिचा आरोग्यावरचा परिणामही बदलला.

आणखी एक धडा अलीकडचा. भाजीतील अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल आणि साखर १२० अंश सेल्सिअसच्या वर तापली की अ‍ॅक्रिलामाइड तयार होते. ते कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता मानली जाते. हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने २०१३ मध्ये कढईत परतलेल्या २२ भाज्या तपासल्या. त्यांत झुकिनीत ते सर्वाधिक आढळले. किलोमागे सरासरी ३६० मायक्रोग्रॅम. म्हणून फोड सोनेरी झाली की काढावी, काळी होऊ देऊ नये.

मग तळण वर्ज्य करावे काय? लाल भोपळ्यातील कॅरोटिन शरीरात शोषले जाण्यासाठी थोडे तेल लागतेच. ज्या मुलाच्या ताटात भाताबरोबर पातळ वरणाखेरीज काही नसते, त्याच्या आहारात चमचाभर तेल ही उणीव भरून काढणारी गोष्ट आहे. बैठे काम करणाऱ्या आणि रोज फरसाण खाणाऱ्या प्रौढाला तेच तेल जादा होते. 'तळलेले वाईट' हे वाक्य फळ्यावर लिहिण्यापूर्वी आपण विचारायला हवे: कुणासाठी, कोणत्या तेलात आणि किती?

"किती"चे उत्तर शाळेतच काढता येईल. दोडक्याच्या १०० ग्रॅम चकत्या घ्या. कढईतले तेल आधी वजन करा. तळण शिक्षकांनीच करावे. चकत्या निथळून, तेल पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा वजन करा. दोन वजनांतला फरक म्हणजे, थोडेफार सांडले-उडाले सोडता, चकत्यांबरोबर गेलेले तेल. मग जाड चकत्या आणि पातळ चकत्या यांची तुलना मुलांनाच करू द्या.